पनवेलवरून गेलेली हसवणारी माणसं

पनवेलच्या कौलांवर टीव्हीच्या अँटेना पहिल्यांदा दिसायला लागल्या तेव्हा त्या सगळ्यांची तोंडं पश्चिमेकडे होती. मुंबई दूरदर्शनचा मनोरा वरळीला. नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं तर वरळी आणि पनवेल जवळपास एकाच आडव्या रेषेत येतात. मधलं अंतर तीसेक किलोमीटर, आणि त्यातलं बरंचसं खाडी आणि खाजण. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं. वर्षभराने सिंहगडावरच्या केंद्रामुळे तेच कार्यक्रम पुण्यालाही दिसू लागले. पनवेल या दोन शहरांच्या मधे असलं तरी चित्रापुरतं ते मुंबईच्या अंगणातच होतं.

तेव्हाचं पनवेल कुलाबा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. १८५२ सालची जुनी नगरपालिका, भाताचा व्यापार, एसटी स्टँड, आणि घाटावर व कोकणात जाणाऱ्या गाड्यांची वर्दळ. आळीत टीव्ही असलेलं घर एखादंच. टीव्हीला परवाना लागायचा, तो पोस्टात काढायचा आणि दरवर्षी त्याचे पैसे भरायचे. संध्याकाळी त्या घराच्या ओटीवर चपलांचा ढीग पडायचा. पावसाळ्यात वारा सुटला की अँटेना फिरायची आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग एक पोरगा कौलांवर, एक दारात, आणि घरातला कर्ता माणूस टीव्हीसमोर. कौलांवरचा ओरडायचा, ‘आलं का?’ दारातला आत बघून सांगायचा, ‘आलं, आलं... गेलं!’ पुन्हा दांडा फिरवायचा. कौलं फुटतील म्हणून आजी अंगणातून ओरडत असायची. एवढं सगळं करून जे चित्र यायचं ते काळंपांढरं, कडेला थोडं वाकलेलं. पण त्या चित्रात चिमणराव आणि गुंड्याभाऊ दिसले की बाकीचं कुणाच्या लक्षात राहायचं नाही.

ही गोष्ट १९७७ च्या आसपासची. ‘चिमणराव’ ही मुंबई दूरदर्शनची आपली घरची मालिका. आज मराठी टीव्हीवर विनोदी कार्यक्रमांची रांग लागलेली आहे, तिच्या अगदी मुळाशी जावं तर आधी काही मोजकी नावं लागतात. याकूब सईद आणि बबन प्रभू यांचा ‘हास-परिहास’, ‘आमची माती आमची माणसं’मधून खेड्यापाड्यांत पोहोचलेल्या ‘गप्पागोष्टी’, ‘गजरा’, आणि मग ‘चिमणराव’. ‘गप्पागोष्टी’वर खरं तर स्वतंत्र लिहायला हवं. खत, बियाणं आणि कर्जाची माहिती सांगता सांगता राजा मयेकरांसारखा लोकनाट्यात मुरलेला नट शेतकऱ्याला हसवत होता. पनवेल तालुक्यातल्या भातशेतीवाल्या गावांत तो कार्यक्रम कामाचा म्हणून लावायचे आणि हसायला मिळतं म्हणून संपेपर्यंत बघायचे.

चिमणराव मात्र टीव्हीने जन्माला घातलेला नव्हता. चिंतामण विनायक जोशी हे बडोद्याच्या कॉलेजात शिकवणारे पाली भाषेचे अभ्यासक. बौद्ध वाङ्मयावर काम करणाऱ्या या गंभीर माणसाने १९३० च्या दशकात मराठीला एक भित्रा, बोलघेवडा, संसाराच्या कटकटींत अडकलेला मध्यमवर्गीय कारकून दिला, आणि त्याच्या जोडीला एक आडदांड गुंड्याभाऊ. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ १९३२ चं, ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ त्यानंतरचं. १९४२ साली मास्टर विनायकांच्या ‘सरकारी पाहुणे’मध्ये दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ही जोडी पडद्यावर आणली. त्या पिढीला चिमणराव म्हटलं की दामुअण्णांचा चेहरा आठवायचा. चिं. वि. जोशी १९६३ साली गेले, म्हणजे आपल्या माणसांना टीव्हीवर चालताबोलताना त्यांनी पाहिलंच नाही.

त्यांच्या पश्चात चौदा-पंधरा वर्षांनी विजया जोगळेकर-धुमाळे यांनी दूरदर्शनसाठी मालिका उभी केली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, स्मिता पावसकर चिमणरावांची बायको काऊ झाल्या, आणि गुंड्याभाऊ झाले बाळ कर्वे. प्रभावळकर आज आपल्यात आहेत आणि अजून काम करताहेत, हे आपलं भाग्य. बाळ कर्वे २८ ऑगस्ट २०२५ ला गेले. तीनच दिवस आधी त्यांचा पंचाण्णवावा वाढदिवस झाला होता.

बातम्यांत सगळीकडे एकच मथळा होता: ‘गुंड्याभाऊ गेले’. नटाचं नाव दुसऱ्या ओळीत. अर्ध्या शतकापूर्वीच्या, मोजक्या भागांच्या एका मालिकेने माणसाला असं कायमचं नाव द्यावं हे विलक्षण आहे. तरी मला त्यात थोडी खंतही वाटते, कारण या नावामागचा माणूस फार मोठा होता आणि आपण त्याला अर्धाच ओळखला.

बाळ कर्वे मुंबई महापालिकेत अभियंता होते. तीसहून अधिक वर्षं त्यांनी ती नोकरी केली. विलेपार्ल्यात राहायचे. सुमंत वरणगावकरांबरोबर त्यांनी ‘किलबिल बालरंगमंच’ सुरू केला आणि पार्ल्यातल्या कितीतरी मुलांना रंगमंचावर उभं राहायला शिकवलं. ‘रथचक्र’, ‘तांदूळ निवडता निवडता’, ‘आई रिटायर होतेय’, ‘कुसुम मनोहर लेले’ अशी एकमेकांपासून लांबची नाटकं त्यांनी केली. पुढे ‘प्रपंच’ मालिकेतही ते होते. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी तालीम, शनिवार-रविवार प्रयोग, असं हे आयुष्य. प्रभावळकरही त्या काळात औषध कंपनीत नोकरी करत होते. मराठी टीव्हीचा पहिला गाजलेला विनोद अशा नोकरदार माणसांनी नोकरी सांभाळून उभा केला. ऑफिसातला वरचा साहेब, महिनाअखेरीची ओढाताण, पाहुणे आल्यावर घरात उडणारी धांदल हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. ते सकाळची लोकल पकडून तेच जगत होते. चिमणरावांचं घर आमच्या आळीतलं वाटायचं त्याचं एक कारण मला यात दिसतं.

माझं एक ठाम मत आहे. चिमणरावापेक्षा गुंड्याभाऊ वठवायला कठीण. चिमणरावाला लेखकाने शब्द भरपूर दिलेत, गोष्ट तोच सांगतो, फजिती त्याची होते, सहानुभूतीही त्यालाच मिळते. गुंड्याभाऊच्या वाट्याला येतात मोजकी वाक्यं आणि खूपशी उपस्थिती. तो नुसता आडदांड केला तर तालमीतला पैलवान होतो, नुसता मूर्ख केला तर विदूषक होतो. बाळ कर्व्यांनी त्याला एक गांभीर्य दिलं. गुंड्याभाऊला स्वतःच्या म्हणण्यात काही हसण्यासारखं आहे असं कधीच वाटत नाही. तो मनापासून मदतीला येतो, छाती पुढे काढून उभा राहतो, खणखणीत आवाजात एक उपाय सुचवतो, आणि त्या उपायाने घोटाळा वाढतो. कर्व्यांचा चेहरा त्या वेळी अगदी शांत, आणि शेजारी प्रभावळकरांच्या चेहऱ्यावर दहा भाव येऊन जायचे. एकजण स्थिर राहिला म्हणून दुसऱ्याची तारांबळ दिसली. नाटकवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हशा एकाने वसूल केला, पण पेरला दुसऱ्याने.

हे साधायला रंगभूमीचीच तयारी लागायची. त्या वेळच्या दूरदर्शनचं चित्रण स्टुडिओत, दोन-तीन कॅमेरे लावून, लांबलांब प्रवेश सलग घेऊन व्हायचं. चूक झाली की प्रवेश पहिल्यापासून. संकलनात सावरून घेण्याची सोय फारच थोडी. समोर प्रेक्षक नाहीत, म्हणजे हशा कुठे येईल आणि त्यासाठी किती थांबायचं याचा अंदाज नटाने मनातल्या मनात बांधायचा. ज्याने शेकडो प्रयोगांत खराखुरा हशा झेललाय त्यालाच हे जमणार.

मालिका इतकी चालली की १९७९ साली ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपटही आला, याच जोडीचा. मालिकेचे बरेचसे भाग मात्र आज हाती लागत नाहीत. व्हिडिओ टेप त्या काळी महाग होत्या, बाहेरून आणाव्या लागायच्या. एका कार्यक्रमाचं प्रक्षेपण झालं की तीच टेप पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम घ्यायचा, ही दूरदर्शनची तेव्हाची रीत. कुणी दुष्टाव्याने केलं असं नाही, पण नुकसान व्हायचं ते झालंच. चिं. विं.चं पुस्तक नव्वद वर्षांनीही दुकानात मिळतं, आणि त्यावरची पन्नास वर्षांपूर्वीची मालिका तुकड्या-तुकड्यांत शोधावी लागते.

पनवेलकरांनी बाळ कर्व्यांना आणखी एका जागी शोधावं. ‘जैत रे जैत’मध्ये ते आहेत. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, साल १९७७, म्हणजे चिमणरावांच्याच आगेमागे. ही गोष्ट आपल्या कर्नाळ्याची. गोवा रस्त्याने जाताना शिरढोण ओलांडलं की डावीकडे अंगठ्यासारखा सुळका दिसतो आणि त्याच्या कपारींत आग्यामोहोळं लोंबतात, तो ठाकरांचा लिंगोबा. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांच्यासाठी आपण तो चित्रपट पाहतो, गाण्यांसाठी पुन्हा पाहतो. आता कधी लावलात तर गुंड्याभाऊंसाठी पाहा. ठाकरवाडीच्या त्या जगात चिमणरावांच्या घराचा मागमूसही नाही. नटाचा पल्ला अशा ठिकाणी कळतो.

१९८२ साली दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत चित्र एकदमच आलं. १९८४ मध्ये पुरस्कृत मालिकांचं युग सुरू झालं, आणि त्याच वर्षी शुक्रवारच्या रात्री ‘ये जो है जिंदगी’ घराघरांत शिरली. एस. एस. ओबेरॉय यांची निर्मिती, दिग्दर्शकांमध्ये कुंदन शहा, मंजुल सिन्हा आणि रमण कुमार, लेखन शरद जोशींचं. हे शरद जोशी हिंदीतले व्यंगकार, मध्य प्रदेशातले. शेतकरी संघटनेचे आपले शरद जोशी वेगळे. चिमणरावांच्या मागे एक जोशी आणि या मालिकेचा नायक रणजित वर्माच्या मागे दुसरे जोशी, हा योगायोग मला आवडतो. त्यात एक धडाही आहे: दोन्ही मालिका टिकल्या त्या मुळात कागदावर चांगलं लिहिणाऱ्या माणसांमुळे.

या मालिकेचा रणजित म्हणजे शफी इनामदार. बरेच लोक त्यांना हिंदीचेच समजतात. ते आपल्या कोकणातले, दापोली तालुक्यातल्या पांगारीचे. मुंबईहून दापोलीला जाणारी वाट पनवेलवरून, पळस्पे फाट्याने जाते. म्हणजे त्यांच्या गावची वाट आपल्या दारावरूनच गेलेली. १९४५ चा जन्म. रंगभूमीवर नट म्हणूनही नाव, दिग्दर्शक म्हणूनही. १९८३ च्या ‘अर्धसत्य’मध्ये ओम पुरींच्या अनंत वेलणकराला सांभाळून घेणारा इन्स्पेक्टर हैदर अली त्यांनी केला होता. त्या चित्रपटाचा ताण अंगावर घेतलेला नट पुढच्याच वर्षी बायको, मेहुणा आणि शेजारी यांच्या कचाट्यात सापडलेला नवरा झाला.

रणजितचं काम गुंड्याभाऊच्या जातीचं आहे. भोवताली स्वरूप संपत, राकेश बेदी, फरीदा जलाल, टिकू तलसानिया अशी मंडळी, प्रत्येकाची काहीतरी लकब, प्रत्येकाला टाळीची वाक्यं. शफी मधोमध उभे. वर्तमानपत्र खाली घेऊन मेहुण्याकडे बघायचं, काही बोलणार असं वाटत असतानाच पुन्हा वर्तमानपत्र वर करायचं, एवढ्यावर ते प्रवेश तोलायचे. चिडणारा पण घर न मोडणारा नवरा त्यांनी इतक्या साध्या रीतीने उभा केला की मधेच त्यांनी मालिका सोडली तेव्हा ती पहिल्यासारखी राहिली नाही.

आणि सतीश शहा. ज्यांनी मालिका पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. दर आठवड्याला हा माणूस नवा. कधी फोटोग्राफर, कधी दुकानदार, कधी साहेब. पन्नासहून जास्त भागांत त्यांनी तितकीच वेगवेगळी माणसं केली. नवा वेश, नवी मिशी, नवी भाषा, आणि पुढच्या शुक्रवारी ते सगळं टाकून द्यायचं. ‘आज कोण होऊन येतोय?’ हा त्या रात्रीचा पहिला प्रश्न असायचा. तो आत आला की ओळखायला एक क्षण लागायचा आणि ओळख पटली की हशा. बहुरूप्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. सकाळी दारात पोलीस होऊन येणारा बहुरूपी आणि सतीश शहा, दोघांनाही समोरच्या घराची नाडी ओळखावी लागते.

कुंदन शहांनी सतीश शहांना असं वापरावं यात नवल नाही. आदल्याच वर्षी, १९८३ मध्ये, त्यांच्या ‘जाने भी दो यारो’मध्ये सतीश शहा पालिका आयुक्त डिमेलो झाले होते. अर्ध्या चित्रपटात ते मेलेले आहेत. प्रेत म्हणून त्यांना ढकललं जातं, चाकांवर पळवलं जातं, शेवटी महाभारताच्या नाटकात द्रौपदी म्हणून उभं केलं जातं. त्या प्रवेशात त्यांचा चेहरा बघा. डोळे किंचित उघडे, मान सैल, सगळं वजन दुसऱ्याच्या हातावर, आणि तरीही तो मेलेला माणूस प्रवेशातल्या सगळ्यांपेक्षा जिवंत. काहीही न करता एवढं हसवलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्याच चित्रपटात ‘खबरदार’ची संपादिका शोभा सेन आहे. गोड बोलून गळा कापणारी. ती भूमिका भक्ती बर्व्यांची. आणि इथे ही कहाणी पुन्हा पनवेलच्या हद्दीत येते.

भक्ती बर्वे सांगलीच्या, जन्म १९४८ चा. मुंबई दूरदर्शनच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांचा चेहरा आणि आवाज घरोघरी पोहोचला. आम्हा पनवेलकरांच्या वाकड्या चित्रातही तो आवाज स्वच्छ यायचा. १९७५ साली पु. लं.ची ‘ती फुलराणी’ रंगमंचावर आली आणि मंजुळा म्हणजे भक्ती बर्वे हे समीकरण झालं. प्रयोगांची संख्या हजाराच्या पुढे गेली. ‘बहिणाबाई’ टीव्हीवर त्यांनीच उभी केली. ‘आई रिटायर होतेय’मध्ये त्या होत्या आणि बाळ कर्वेही होते. शफी इनामदार हे त्यांचे पती. १३ मार्च १९९६ ला, विश्वचषकाचा भारत-श्रीलंका उपांत्य सामना चालू असताना, तो बघत असतानाच शफींना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. वय पन्नास. ईडन गार्डन्सवर लोकांनी बाटल्या फेकून सामना थांबवला ती रात्र सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच रात्री रणजित गेला, हे फारच थोड्यांच्या लक्षात आहे.

भक्तीताई पुढे काम करत राहिल्या. ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा कार्यक्रम घेऊन त्या गावोगाव फिरत. १२ फेब्रुवारी २००१ ला वाईहून मुंबईला परतताना द्रुतगती मार्गावर भाताण बोगद्याजवळ त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि त्यात त्या गेल्या. भाताण पनवेल तालुक्यातलं गाव. रस्ता तेव्हा अगदी नवा होता. काही टप्पे २००० मध्ये खुले झालेले, पूर्ण मार्ग व्हायला २००२ उजाडलं. गुळगुळीत रस्त्यावर रात्रीबेरात्री परतायची घाई किती महाग पडते हे महाराष्ट्राला तिथे कळू लागलं. २०१२ च्या डिसेंबरात याच मार्गावर, घाटाच्या पलीकडे उर्से टोलनाक्याजवळ, आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे हे नट अपघातात गेले.

मुंबईच्या रंगभूमीचा दौरा कुठेही निघो, पुण्याला, साताऱ्याला, सांगली-कोल्हापूरला, कणकवलीला की गोव्याला, बस पनवेलवरूनच जाते. ठाण्याच्या खाडीवर १९७३ साली पूल झाला आणि मुंबई-पनवेल अंतर आणखी आटलं. पळस्पे फाट्यावर गोव्याचा रस्ता वेगळा होतो. तिथल्या हॉटेलांत पहाटे बस थांबायची, नेपथ्याच्या फळ्या टपावर बांधलेल्या, आतून झोपाळलेले नट उतरायचे, चहा-वडा खायचे आणि पुढे जायचे. आदल्या दिवशी टीव्हीवर पाहिलेला चेहरा शाल गुंडाळून बाकड्यावर बसलेला दिसायचा. हॉटेलातला पोऱ्या ओळखून हसायचा, ‘भाऊ, साखर जास्त टाकू?’ एवढीच काय ती भेट. टीव्हीवर आपण त्यांचा अर्धा तास बघत होतो. त्यांचा उरलेला आठवडा असा रस्त्यावर जात होता. टीव्हीच्या मानधनावर घर चालण्याचे ते दिवस नव्हते. प्रयोग संपला की मेकअप पुसायचा आणि रात्रीच निघायचं, कारण सकाळी कुणाला ऑफिस, कुणाला चित्रण, कुणाला दुसऱ्या गावचा प्रयोग. त्यांच्या टायमिंगचं आपण कौतुक करतो. ते टायमिंग या जागरणांतून आलं होतं, आणि कधी कधी त्या जागरणांनी माणूसच नेला.

नव्वदीनंतरचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. केबल आली, अँटेना उतरल्या, वाहिन्या वाढल्या. ‘श्रीमान श्रीमती’मध्ये आणि ‘तू तू मैं मैं’मध्ये रीमा लागूंनी विनोदाची वेगळी ताकद दाखवली. त्या २०१७ च्या मे महिन्यात गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात कुंदन शहा गेले. २००१ मध्ये प्रभावळकर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधले आबा झाले आणि चिमणराव बघून वाढलेल्या पिढीने आपल्या मुलांना ते दाखवलं. सतीश शहांचा २००४ च्या मालिकेतला इंद्रवदन साराभाई तर आजची तरुण मुलं मोबाइलवर बघतात. त्यांचं सुदैव की त्यांच्या टेप कुणी पुसल्या नाहीत.

२५ ऑक्टोबर २०२५ ला सतीश शहाही गेले, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. बाळ कर्वे जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. श्रद्धांजलीत एकाला गुंड्याभाऊ म्हटलं गेलं, दुसऱ्याला इंद्रवदन. दोघांची नावं कुणी एका दमात घेतली नाहीत. एक मराठीतला, एक हिंदीतला, असं आपण सहज वेगळं काढतो. माझ्या लेखी ती एकाच घराण्याची माणसं. वाक्य नसतानाही प्रवेशात जिवंत राहायचं आणि हशा समोरच्याच्या ओंजळीत टाकायचा, हे त्या घराण्याचं शिक्षण. शफी इनामदार त्यातलेच आणि भक्ती बर्वेही त्यातल्याच.

आज पनवेल महानगरपालिका आहे, आणि शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांच्या नावाचं नाट्यगृहही गावात आहे. दौऱ्याच्या बसला आता पळस्प्याला नुसतं चहापुरतं थांबायला नको, प्रयोगही इथेच होतात. २०२६ च्या १२ फेब्रुवारीला भक्ती बर्व्यांना जाऊन पंचवीस वर्षं होतात आणि १३ मार्चला शफी इनामदारांना तीस. माझी मागणी साधी आहे. या दोन तारखांच्या मधला एक रविवार नाट्यगृहाने या माणसांसाठी ठेवावा. ‘चिमणराव’चे जे भाग उरलेत ते दूरदर्शनकडून मागून आणावेत, ‘ये जो है जिंदगी’चा एखादा भाग लावावा, भक्तीताईंच्या मंजुळेचं जे काही ध्वनिचित्रण मिळेल ते दाखवावं. ज्यांच्या घरी जुन्या व्हिडिओ कॅसेट आहेत त्यांनी त्या बुरशी लागायच्या आत बाहेर काढाव्यात, आजही त्यांवरून नक्कल काढून देणारे लोक आहेत. तिकीट लावू नये. आणि पुढच्या रांगा पाहुण्यांसाठी न राखता, कौलांवर चढून अँटेना फिरवणारी ती पोरं आज साठी-सत्तरीची झाली आहेत, त्यांना द्याव्यात.